लघवीचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’; म्हणजे नेमके काय?

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांमध्ये साठी-पासष्टीचे बरेच काका असतात. समजा, त्यांच्यापैकी एकांना एका सकाळी लघवी लाल झालेली दिसली. दुखले नाही, जळजळ नाही, ताप नाही. दुपारपर्यंत रंग पुन्हा नेहमीसारखा झाला. आदल्या दिवशी बीटाची कोशिंबीर खाल्ली होती का, याची घरात चौकशी झाली. ‘उष्णता वाढली असेल’ असे म्हणून धने-जिऱ्याचे पाणी सुरू झाले आणि विषय मागे पडला. महिना-दीड महिन्याने तोच प्रकार पुन्हा घडला. या वेळी मुलाने आग्रह धरला, जवळच्या लॅबमध्ये लघवी दिली गेली. साध्या तपासणीबरोबर ‘युरिन सायटॉलॉजी’ही झाली. रिपोर्टवर लिहिले होते, ‘निगेटिव्ह’. घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि फाईल कपाटात गेली.

काका काल्पनिक आहेत, पण गोष्ट नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अशा फायली घेऊन येणारी माणसे नवीन नाहीत. फरक एवढाच, की ती सहा महिने किंवा वर्षभर उशिरा येतात. तोपर्यंत मूत्राशयातली गाठ आतल्या अस्तरातून स्नायूच्या थरात उतरलेली असू शकते. अस्तरापुरती मर्यादित गाठ दुर्बिणीतून खरवडून काढता येते. स्नायूत शिरलेल्या गाठीसाठी अनेकदा अख्खे मूत्राशयच काढावे लागते. त्या एका शब्दाचा, ‘निगेटिव्ह’चा, अर्थ नीट समजणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

जगभरात २०२२ या एका वर्षात मूत्राशयाच्या कर्करोगाचे सहा लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. भारतात हा आकडा वर्षाला वीस हजारांच्या आसपास असतो. पुरुषांमध्ये तो स्त्रियांपेक्षा तीन-चार पटींनी अधिक आढळतो. सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर. साधारण निम्म्या रुग्णांच्या मागे तेच असते. सिन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात बिड्या वळण्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरे चालली. बिडी लहान दिसते म्हणून ती सौम्य, असा समज तिथेही आहे आणि नाशिक शहरातही आहे. धुरातली काही रसायने रक्तात जातात, मूत्रपिंडे ती गाळून लघवीत टाकतात आणि ती लघवी तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहते. फुफ्फुसाला धुराचा चटका बसतो हे सगळ्यांना पटते; मूत्राशयाचे नाव काढले की माणसे चकित होतात.

दुसरे कारण कामाच्या जागेचे. जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये रंग बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांमध्ये हा कर्करोग दिसत असल्याचे दाखवून दिले. बेंझिडीन आणि त्याच्या जातीची रसायने यामागे असल्याचे पुढे स्पष्ट झाले. बेंझिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली, पण रसायनाशी संबंध आल्यापासून गाठ दिसेपर्यंत वीस-तीस वर्षेही जाऊ शकतात. त्यामुळे आज निवृत्त झालेल्या माणसाला ‘तुम्ही पूर्वी काय काम करत होता?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. रंग, रबर, चामडे, छपाई यांपैकी उत्तर आले तर कान टवकारावेत.

लघवीत पेशी येतात कुठून?

मूत्राशयाच्या आतल्या भिंतीला पेशींचे अस्तर असते. त्यातल्या काही पेशी रोज झडतात आणि लघवीबरोबर बाहेर पडतात. गाठ असेल तर तिच्याही पेशी झडतात. म्हणजे शस्त्र न लावता गाठीचा तुकडा आपोआप हाती यावा, तसा हा प्रकार. प्राग येथील लाम्बल यांनी १८५६ मध्येच लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी दिसत असल्याचे नोंदवले होते. मात्र या तपासणीला पद्धतशीर रूप मिळाले १९४५ मध्ये. गर्भाशयमुखाच्या ‘पॅप’ तपासणीमुळे ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले, त्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी मूत्रविकारतज्ज्ञ व्हिक्टर मार्शल यांच्यासह लघवीतील गाळाच्या काचपट्ट्या तपासून कर्करोग ओळखण्यावर निबंध प्रसिद्ध केला.

लघवीचा गाळ बघण्याची किमया आपल्या राज्यानेही एकदा अनुभवली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी तिथे शिस्टोसोमा या परजीवीचा प्रादुर्भाव असल्याचे जाहीर केले. भारतातले असे ते एकमेव ज्ञात ठिकाण ठरले. पुढे तो आटोक्यात आला. या परजीवीची एक जात इजिप्तमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचे मोठे कारण होती. गिमवीत सूक्ष्मदर्शकाखाली शोधायची होती अंडी, इथे शोधायच्या आहेत पेशी. अंड्याचा आकार ठरलेला असतो. पेशींचे तसे नाही आणि खरी अडचण तिथेच आहे.

मूत्राशयाची गाठ ढोबळमानाने दोन स्वभावांची असते. वैद्यकीय भाषेत ‘लो ग्रेड’ आणि ‘हाय ग्रेड’. हाय ग्रेड गाठीच्या पेशी बेढब असतात. केंद्रक फुगलेले, गडद, कडा वेड्यावाकड्या. शिवाय त्यांची एकमेकींवरची पकड सैल झालेली असल्याने त्या भरपूर झडतात. अशा पेशी प्रशिक्षित नजरेला सहसा चुकत नाहीत. लो ग्रेड गाठीच्या पेशी मात्र निरोगी पेशींच्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा दिसतात, एकमेकींना धरून राहतात आणि झडतातही कमी. त्यामुळे सायटॉलॉजी हाय ग्रेड गाठ बऱ्यापैकी पकडते आणि लो ग्रेड गाठ बहुतेक वेळा सोडून देते. यात पॅथॉलॉजिस्टचा दोष नसतो. जे डोळ्यांना वेगळे दिसतच नाही ते वेगळे काढणार कसे?

हे जगभरच्या तज्ज्ञांनी शेवटी मोकळेपणाने मान्य केले. २०१३ मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेत एकत्र आलेल्या तज्ज्ञांनी रिपोर्ट कसा लिहावा याची एक पद्धत ठरवायला घेतली आणि २०१६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. तिला ‘पॅरिस सिस्टिम’ म्हणतात. या पद्धतीचा मुख्य मुद्दा असा, की लघवीच्या तपासणीचे काम हाय ग्रेड कर्करोग शोधण्याचे आहे. म्हणूनच अलीकडच्या रिपोर्टवर नुसते ‘निगेटिव्ह’ नसते, ‘हाय ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमासाठी निगेटिव्ह’ असे लांबलचक वाक्य असते. घरी वाचताना त्यातला शेवटचा शब्द तेवढा लक्षात राहतो. खरे वजन पहिल्या दोन शब्दांत आहे.

‘एटिपिकल’ हा शब्दही असाच छळणारा. पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण कर्करोग म्हणण्याइतक्या नाहीत, असा त्याचा अर्थ. मूतखडा, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी, किरणोपचार, काही औषधे, एवढेच काय, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमधला एक विषाणूदेखील पेशींचे रूप असे बदलतो, की क्षणभर कर्करोग वाटावा. रिपोर्टवर हा शब्द दिसला म्हणून रात्र जागून काढण्याचे कारण नाही. पण फाईल कपाटात टाकण्याचेही नाही.

काचपट्टी बनवण्याच्या तऱ्हा

लघवी सगळीकडे सारखीच, पण तिच्यातल्या पेशी काचपट्टीवर आणण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत आणि निकाल त्यांच्यावरही अवलंबून असतो.

सर्वांत जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायचा, तळाशी बसलेला गाळ काचेवर पसरायचा आणि रंगवायचा. लहान लॅबमध्येही हे जमते. मात्र लघवीतल्या पेशी काचेला नीट चिकटत नाहीत. रंगवताना त्यातल्या बऱ्याच धुऊन जातात. ज्या नमुन्यात मुळातच पेशी थोड्या, तिथे हा तोटा महागात पडतो. ‘सायटोस्पिन’ यंत्र यावर उपाय करते. ते पाणी शोषकागदात जिरवते आणि पेशी काचेवर एका छोट्या वर्तुळात दाबून बसवते. थोड्या पेशी असल्या तरी त्या एका जागी सापडतात. रक्त किंवा पू फार असेल तर मात्र ते वर्तुळ त्यानेच भरून जाते. काही ठिकाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून लघवी गाळून पेशी पकडतात. पेशी भरपूर मिळतात, पण रक्ताने पडदा तुंबतो आणि रंगवण्याचे काम किचकट होते.

मोठ्या लॅबमध्ये आता ‘लिक्विड बेस्ड’ पद्धत दिसते. नमुना टिकवणाऱ्या द्रावणात घेतात, यंत्र त्यातला रक्ता-पुवाचा गाळ बराचसा बाजूला करते आणि पेशींचा पातळ, स्वच्छ थर तयार होतो. वाचायला सोपी काचपट्टी मिळते, नमुना लांबून पाठवला तरी टिकतो. खर्च जास्त, आणि पेशींचे रूप थोडे बदलत असल्याने वाचणाऱ्याला नजर नव्याने बसवावी लागते. गाळ भरपूर असेल तर त्याचा ‘सेल ब्लॉक’ करता येतो, म्हणजे मेणात बसवून त्याचे बायोप्सीसारखे काप घ्यायचे. पेशी कुठून आल्या याविषयी शंका असली की त्यांवर खास रंग वापरता येतात.

यंत्र कोणते यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. त्याच दिवशी आलेला ताजा नमुना, साधे सायटोस्पिन आणि रोज अशा काचपट्ट्या बघणारा पॅथॉलॉजिस्ट हे त्रिकूट, दोन दिवस टेबलावर पडून राहिलेल्या नमुन्यावर चालवलेल्या महागड्या यंत्रापेक्षा केव्हाही बरे.

रेणू शोधणाऱ्या चाचण्या

डोळ्यांना जे दिसत नाही ते रसायनशास्त्राने आणि जनुकशास्त्राने शोधावे, या विचारातून गेल्या तीन दशकांत अनेक चाचण्या आल्या. ‘एनएमपी-२२’ ही चाचणी केंद्रकातील एक प्रथिन शोधते. तिचा एक प्रकार गरोदरपणाच्या पट्टीसारखा आहे. लघवीचे चार थेंब टाकायचे आणि अर्ध्या तासात उत्तर. ‘बीटीए’ चाचणीही अशीच झटपट. पण तिची गंमत पाहा. ती जे प्रथिन शोधते त्याच्या जवळचे प्रथिन रक्तातही असते. त्यामुळे लघवीत रक्त असेल तर ती कर्करोग नसतानाही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. रुग्ण आलेलाच असतो रक्त दिसले म्हणून!

‘फिश’ या चाचणीचा माशाशी काही संबंध नाही. तिच्यात पेशींमधल्या ३, ७ आणि १७ या क्रमांकांच्या गुणसूत्रांना आणि ९ क्रमांकाच्या गुणसूत्रातील एका भागाला चमकणारे रंग लावतात. निरोगी पेशीत प्रत्येकाचे दोन ठिपके दिसायला हवेत. कर्करोगाच्या पेशीत तीन, चार, पाच ठिपके दिसतात किंवा ९ व्या गुणसूत्राचे ठिपके गायब असतात. अमेरिकेत २००१ मध्ये तिला जुन्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी मान्यता मिळाली. मूत्राशयात दाह असतानाही ती फारशी गोंधळत नाही, हा तिचा मोठा गुण. पण त्यासाठी खास सूक्ष्मदर्शक, महागडे रंग आणि तासन्‌तास ठिपके मोजणारा माणूस लागतो. ‘इम्युनोसाइट’ या चाचणीत पेशींवरील प्रथिनांना प्रतिपिंडे चिकटवून त्या चमकवतात.

त्यानंतरची पिढी जनुकांचे निरोप वाचणारी. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेली ‘सीएक्सब्लॅडर’ पाच जनुकांची हालचाल मोजते. क्षयरोगासाठी आपल्याकडे जिल्ह्या-जिल्ह्यात पोहोचलेली जीनएक्स्पर्ट म्हणजेच सीबीनॅट यंत्रे अनेकांनी पाहिली असतील. त्याच तंत्रावर मूत्राशयाच्या कर्करोगासाठीही वेगळे काडतूस बनवले गेले आहे. यंत्र दिसले म्हणजे ही तपासणी तिथे होते असे मात्र समजू नये.

आता मुद्द्याची गोष्ट, तुलना. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अनेक अभ्यासांची गोळाबेरीज करण्यात आली. कर्करोग असलेल्या १०० रुग्णांपैकी सायटॉलॉजीने ४४ पकडले, एनएमपी-२२ ने ६८, फिशने ७६ आणि इम्युनोसाइटने ८४. इथवर वाचले तर जुनी सायटॉलॉजी मोडीत काढावीशी वाटेल. उलट बाजू बघू. कर्करोग नसलेल्या १०० जणांपैकी किती जणांना चाचणीने बरोबर ‘नाही’ म्हटले? सायटॉलॉजीने ९६, फिशने ८५, एनएमपी-२२ ने ७९, इम्युनोसाइटने ७५.

हे आकडे माणसांत मांडून बघितले की चित्र स्पष्ट होते. लघवीतून रक्त गेलेले हजार जण घ्या आणि समजा त्यांतल्या शंभर जणांना खरोखर कर्करोग आहे. एनएमपी-२२ त्यातले ६८ पकडेल, ३२ जणांना खोटा दिलासा देईल आणि निरोगी ९०० पैकी १८९ जणांना विनाकारण घाबरवेल. सायटॉलॉजी फक्त ३६ जणांना घाबरवेल, पण तिच्या हातून ५६ गाठी निसटतील. फिशच्या हातून २४ निसटतील आणि १३५ जणांना उगाच धसका बसेल. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आणखी एका आढाव्याचा सूर हाच होता. त्यात तपासलेल्या नव्या चाचण्यांनी ५७ ते ८२ टक्के रुग्ण पकडले. म्हणजे सर्वांत चांगल्या चाचणीनेही सहापैकी एकाला सोडलेच.

या सगळ्या आकड्यांतून एक गोष्ट निर्विवाद निघते. लघवीतून डोळ्यांना दिसेल असे रक्त गेले, तर लघवीची कोणतीही चाचणी, कितीही महाग असली तरी, दुर्बिणीची जागा घेऊ शकत नाही. लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण मूत्राशयात घालून आतली भिंत प्रत्यक्ष बघणे, म्हणजे सिस्टोस्कोपी, हीच मुख्य तपासणी; सोबत मूत्रपिंडे आणि मूत्रवाहिन्यांसाठी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन. या तपासणीची अनेकांना, विशेषतः पुरुषांना, धास्ती आणि लाज दोन्ही वाटते. वाकणारी दुर्बीण असेल तर जागा बधिर करणारी जेली लावून ती काही मिनिटांत होते. ‘तपासणीला सांगितलेय, पण बघू’ असे म्हणत महिने घालवण्याचे कारण बहुधा ही भीतीच असते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्याने रक्त आले असेल, हे परस्पर ठरवणेही धोक्याचे. गोळी लपलेल्या गाठीतून रक्त लवकर वाहायला लावते, एवढेच. स्त्रियांच्या बाबतीत तर ‘इन्फेक्शन’ म्हणून अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स होतात आणि मग कोणाला तरी दुर्बीण आठवते.

मग सायटॉलॉजी हवी कशाला? कारण दुर्बिणीलाही एक गोष्ट चुकते. मूत्राशयाच्या अस्तरात सपाट पसरणारा एक हाय ग्रेड कर्करोग असतो. गाठ नसल्याने दुर्बिणीतून ती जागा किंचित लाल दिसते किंवा अगदी नेहमीसारखीच दिसते. त्याच्या पेशी मात्र लघवीत भरपूर झडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येतात. दुर्बीण ‘सगळे ठीक’ म्हणते आणि सायटॉलॉजी ‘पॉझिटिव्ह’ येते, तेव्हा बहुतेक वेळा सायटॉलॉजी खरी ठरते. मग मूत्राशयाचे बारीक तुकडे घेऊन आणि वरच्या मूत्रवाहिन्या तपासून तो शोधावा लागतो.

नमुना देताना

लघवीची बाटली हातात देताना ‘सकाळची पहिली लघवी आणा’ हे वाक्य आपल्याकडे सवयीने येते. क्षयरोगाच्या तपासणीसाठी ते योग्य आहे. सायटॉलॉजीसाठी नाही. रात्रभर मूत्राशयात साठलेल्या लघवीत पेशी कुजतात, फुगतात, त्यांची ओळख पुसट होते. सकाळची दुसरी लघवी, म्हणजे उठल्यावर एकदा जाऊन आल्यानंतर, थोडे पाणी पिऊन, चार पावले फिरून आल्यावरची द्यावी. ट्रॅकवर फेऱ्या मारून आलेल्या काकांना हे आपसूक जमते. निदान अर्धी वाटी लघवी हवी आणि ती लगेच लॅबमध्ये पोहोचावी. उशीर होणार असेल तर टिकवणारे द्रावण लॅबकडून आधीच मागून घ्यावे. वेगवेगळ्या तीन दिवशी तीन नमुने दिले तर पेशी सापडण्याची शक्यता वाढते. फॉर्मवर मूतखडा, नुकतीच घातलेली नळी, आधीची शस्त्रक्रिया, किरणोपचार, चालू औषधे यांची नोंद करून घ्यावी. नळीने काढलेल्या लघवीत पेशींचे पुंजके येतात आणि ते गाठीचे भासू शकतात. नमुना कसा घेतला हे कळले नाही तर पॅथॉलॉजिस्ट अंधारात चाचपडतो.

या चाचण्यांचा खरा उपयोग गाठ काढल्यानंतर सुरू होतो. निदानाच्या वेळी चारपैकी तीन रुग्णांत गाठ अस्तरापुरतीच असते आणि ती दुर्बिणीतून काढता येते. पण ही गाठ परत येणारी आहे. निम्म्याहून अधिक रुग्णांत ती पुन्हा उगवते. धोका जास्त असलेल्यांच्या मूत्राशयात बीसीजी सोडतात. लहान बाळाच्या दंडावर टोचली जाणारी हीच ती लस. कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये हा उपचार प्रथम मांडला. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यासाठीचे बीसीजी बनवते. त्यानंतर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी दुर्बीण आणि सायटॉलॉजी, मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पहिल्याच भेटीत करावी.

इंदिरानगरच्या त्या काकांनी कपाटातली फाईल काढून युरोलॉजिस्टला दाखवली, तर पहिला प्रश्न रिपोर्टविषयी नसेल. तो असेल, ‘रक्त पहिल्यांदा कधी दिसले?’ दुसरा, ‘सिगारेट किती वर्षे ओढली?’ आणि तिसऱ्या वाक्यात दुर्बिणीची तारीख मिळेल.